कोण, कोणी, कोणाला : ‘हू’ आणि ‘हूम’ मराठीतून शिकवताना

माझी भाची सहावीत आहे. परवा तिच्या इंग्रजीच्या वहीत रिकाम्या जागा भरायचा स्वाध्याय होता. दहा वाक्यं, प्रत्येकात एक रेघ, आणि वर सूचना : ‘हू’ किंवा ‘हूम’ लिहा. तिने आधी दहाही रेघांवर ‘हू’ लिहिलं होतं आणि नंतर चार ठिकाणी खोडून ‘हूम’ केलं होतं. मी विचारलं, ‘‘हीच चार का बदललीस?’’ ती म्हणाली, ‘‘सगळ्यांचं उत्तर एकच कसं असेल, मावशी? चार-पाच तरी वेगळी असणारच ना.’’

नियम तिला पाठ होता. कर्ता असेल तर ‘हू’, कर्म असेल तर ‘हूम’. नियम बरोबरच आहे. पण इंग्रजी वाक्यात कर्ता कुठे बसलाय आणि कर्म कुठे, हे अकरा वर्षांच्या मुलीने ओळखायचं कसं, ते त्या नियमात कुठेच नाही. म्हणून नियम पाठ असूनही पोरं अंदाजाने लिहितात.

मी तिच्या वहीतलं एक वाक्य घेतलं. ‘रेघ, डिड यू इन्व्हाइट?’

‘‘हे मराठीत सांग.’’

‘‘तू कोणाला बोलावलंस?’’

‘‘‘तू कोण बोलावलंस’ असं का नाही म्हणालीस?’’

ती हसायलाच लागली. ‘‘असं कोण बोलतं?’’

मग दुसरं वाक्य. ‘रेघ, इन्व्हाइटेड यू?’ तिने लगेच मराठी केलं, ‘‘तुला कोणी बोलावलं?’’ इथेही एका क्षणाचा विचार नाही. ‘कोणी’ आणि ‘कोणाला’ यातला फरक तिला तीन-चार वर्षांची असल्यापासून येतो. तिला तो कुणी शिकवलेला नाही. जे ज्ञान मुलांच्या जिभेवर आधीपासून आहे, तिथूनच ‘हू-हूम’ शिकवायला सुरुवात करावी, असं मला फार मनापासून वाटतं. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी व्याकरण शिकवताना आपण मराठी बाजूला ठेवतो, जणू मुलं रिकामी पाटी घेऊनच आली आहेत.

पहिली पायरी इतकीच : कोण आणि कोणी म्हणजे ‘हू’, कोणाला म्हणजे ‘हूम’. कोण आलं? कोण रडतंय? काच कोणी फोडली? सगळीकडे ‘हू’. बाईंनी कोणाला बोलावलं? तू कोणाला मारलंस? आजी कोणाला हाक मारतेय? सगळीकडे ‘हूम’. दोन-तीन दिवस एवढंच करावं. पुढे या पायरीला तडे जाणार आहेत, पण आधी ती मुलांच्या पायाखाली घट्ट बसू द्यावी.

मुलं एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो टाळू नये : असे दोन शब्द लागतातच कशाला? मराठीत उत्तर सोपं आहे. ‘रामाने रावणाला मारलं’ म्हणा, नाहीतर ‘रावणाला रामाने मारलं’ म्हणा, मेला रावणच. कारण ‘ने’ आणि ‘ला’ त्या त्या शब्दाला चिकटलेले आहेत. शब्द कुठेही हलवा, प्रत्यय सोबत जातो आणि कोण काय करतंय ते सांगतो. इंग्रजीत ‘राम किल्ड रावण’ यातली नावं उलटी केली की रामायणच बदलतं. इंग्रजी नावांना ‘ने’ नाही आणि ‘ला’ नाही. तिथे जागा बोलते : क्रियापदाच्या आधी बसेल तो करणारा, नंतर बसेल तो सोसणारा.

पण इंग्रजीही पूर्वी अशी नव्हती. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आणि सर्वनामांना विभक्तीची रूपं होती. आजच्या ‘हू’ला तेव्हा ‘ह्वा’ म्हणत. ‘मी कोणाला पाहिलं’ यातल्या कोणाला ‘ह्वोने’ म्हणत आणि ‘कोणाला दिलं’ यातल्या कोणाला ‘ह्वाम’. म्हणजे द्वितीयेचं रूप वेगळं, चतुर्थीचं वेगळं. काळाच्या ओघात ‘ह्वोने’ गळून पडलं आणि ‘ह्वाम’ दोन्ही कामं करू लागलं. तेच आजचं ‘हूम’. मराठीतही हेच झालेलं आहे. द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते आणि चतुर्थीचेही स, ला, ते. ‘रावणाला मारलं’ आणि ‘भरताला पादुका दिल्या’ यातला ‘ला’ एकच. म्हणून ‘कोणाला’ आणि ‘हूम’ यांची जोडी इतकी छान जमते. दोघांनी दोन-दोन विभक्त्यांचं ओझं एकाच शब्दावर घेतलंय.

कर्ता-कर्म वेगळे सांगणाऱ्या जुन्या विभक्तीची खूण इंग्रजीत फक्त सर्वनामांवर उरली. ही-हिम, दे-देम, हू-हूम. हिम, देम, हूम या तिन्हींच्या शेवटी ‘म’ आहे आणि तो योगायोग नाही. तिन्ही ‘म’ चतुर्थीच्याच रूपांमधून आलेले आहेत. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने वहीच्या समासात तीनही शब्द एकाखाली एक लिहिले आणि ‘म’भोवती एकच लांबट गोल काढला. हा गोल पुढे फार उपयोगी पडला.

आणखी एक गंमत आठवीत संस्कृत घेणाऱ्या मुलांना आवर्जून सांगावी. कः, कम्, केन, कस्मै. मुलं हे घोकत असतात. हा ‘क’, आपल्या संतांच्या ओव्यांमधला ‘कवण’, आजचा ‘कोण’, लॅटिनचा ‘क्विस’ आणि इंग्रजीचा ‘हू’ ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत. मूळचा ‘क्व’सारखा उच्चार इंग्रजीच्या पूर्वजांकडे गेला तेव्हा त्याचा ‘ह्व’ झाला. म्हणून तर ‘व्हॉट’, ‘व्हेअर’, ‘व्हेन’ आणि आपले ‘काय’, ‘कुठे’, ‘केव्हा’ अशा रांगा समोरासमोर उभ्या राहतात. त्यांच्या रांगेत पहिलं अक्षर सारखं, आपल्या रांगेतही सारखं. परकी वाटणारी भाषा लांबची नातेवाईक निघाली की मुलांची भीती खरोखर कमी होते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

आता पुढची पायरी. मराठीत ‘कोण’ला कुठलाही प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागायचं झालं की आधी त्याचं ‘कोणा’ होतं. कोणाशी, कोणाबरोबर, कोणासाठी, कोणावर, कोणाकडून. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. ‘हूम’ हे ‘हू’चं सामान्यरूप आहे असं समजावं, बरंचसं काम होऊन जातं. कोणाबरोबर : ‘विथ हूम’. कोणासाठी : ‘फॉर हूम’. कोणाकडून : ‘फ्रॉम हूम’. शाळेत प्रयोग बदलायला सांगतात तेव्हा ‘हू ब्रोक द विंडो?’ याचं ‘बाय हूम वॉज द विंडो ब्रोकन?’ का होतं, हा प्रश्न तिथेच सुटतो. ‘काच कोणी फोडली’मधला ‘कोणी’ कर्ता आहे. ‘काच कोणाकडून फुटली’मध्ये ‘कोणा’ आलं, म्हणून ‘हूम’. ‘कोणाचं’ एवढं वेगळं ठेवावं, त्याला ‘हूज’ आहे.

हे वहीत करण्यापेक्षा अंगणात जास्त चांगलं होतं. सुट्टीत पाच-सहा मुलं जमली होती तेव्हा आम्ही ‘मामाचं पत्र हरवलं’ खेळलो. सगळे गोल बसलेले, एक जण रुमाल घेऊन बाहेरून पळतोय, गुपचूप कुणाच्या तरी पाठीमागे टाकतोय. प्रत्येक डावानंतर मी चार प्रश्न विचारायचे. ‘हू ड्रॉप्ड द हँकी?’ रुमाल कोणी टाकला? ‘बिहाइंड हूम?’ कोणाच्या मागे? ‘हू फाउंड इट?’ कोणी पाहिला? ‘हूम डिड ही चेज?’ तो कोणाला पकडायला धावला? तिसऱ्या-चौथ्या डावापासून प्रश्न मुलंच विचारू लागली. एका सात वर्षांच्या मुलाने ‘बिहाइंड हू’ म्हटलं तर शेजारच्या मुलीने त्याला सुधारलं, ‘‘अरे, कोणाच्या मागे, कोण मागे नाही!’’ पळणारा आणि पकडला जाणारा असे दोघे डोळ्यांसमोर असले की कर्ता-कर्म या शब्दांची गरजच पडत नाही.

इथपर्यंत सगळं सुरळीत. आता तडा जातो तो भाग, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

वर्गात बाई विचारतात, ‘‘कोणाला उत्तर येतं?’’ पहिल्या पायरीप्रमाणे इथे ‘हूम’ यायला हवं. पण इंग्रजीत ते ‘हू नोज द आन्सर?’ असं आहे. कोणाला भूक लागलीय? ‘हू इज हंग्री?’ कोणाला पोहता येतं? ‘हू कॅन स्विम?’ कोणाला ताप आहे, कोणाला घरी जायचंय, कोणाला हे माहीत आहे? सगळीकडे ‘ला’ आहे आणि सगळीकडे ‘हू’. ‘कोणाकडे पेन आहे?’ यातही ‘कोणा’ आहे, पण इंग्रजीत ‘हू हॅज अ पेन?’

मुलांना इथे वाटतं की आपल्याला चुकीचं शिकवलं. म्हणून कारण नीट सांगावं. भूक, ताप, आवड, आठवण, गरज, येणं, कळणं या गोष्टी माणूस करतो, असं मराठी मानत नाही. त्या माणसाकडे येतात. मला भूक लागते. मला ताप येतो. मला तुझी आठवण येते. शाळेत कर्ता शोधायची आपली जुनी पद्धत आठवा : धातूला ‘णारा’ लावा आणि ‘कोण?’ विचारा. खाणारा कोण? गाणारी कोण? आता ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात विचारा. आवडणारा कोण? आंबा! या वाक्याचा कर्ता आंबा आहे, मी नाही. क्रियापदही आंब्यापुढेच मान तुकवतं : आंबा आवडतो, चिंच आवडते, पेरू आवडतात. खाणारा मुलगा असो की मुलगी, क्रियापद त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. इंग्रजीत मात्र आवडून घेणारा माणूस हाच कर्ता. ‘आय लाइक मँगोज’. आंबा तिथे कर्म.

मग एक वाक्य फळ्यावर दोनदा लिहावं.

तुला कोण आवडतं?

तू कोणाला आवडतोस?

पहिल्यात ‘कोण’ आहे, पण इंग्रजीत ‘हूम डू यू लाइक?’ दुसऱ्यात ‘कोणाला’ आहे, पण इंग्रजीत ‘हू लाइक्स यू?’ अगदी आरशात पाहिल्यासारखं उलटं. दिसणं, भेटणं, आठवणं यांचंही तेच. ‘तुला रस्त्यात कोण भेटलं?’ यात ‘कोण’ आहे म्हणून ‘हू’ लिहिलं तर पेपरात चूक ठरेल, कारण इंग्रजीत भेटणारी तू आहेस : ‘हूम डिड यू मीट?’ आणि गंमत म्हणजे हाच प्रश्न ‘तू कोणाला भेटलीस?’ असा विचारला की पहिली पायरी पुन्हा लागू पडते. मराठीत भेटणं दोन्ही बाजूंनी होतं, इंग्रजीत एकाच बाजूने.

यावर मुलं म्हणतात, इंग्रजी विचित्र आहे. तसं नाही. इंग्रजीही एके काळी अगदी आपल्यासारखीच बोलत होती. आजच्या ‘लाइक’चं जुनं रूप असंच चालायचं : आवडणारी वस्तू कर्ता, आणि ज्याला ती आवडते तो माणूस ‘हिम’ या रूपात. म्हणजे शब्दशः ‘त्याला आवडलं’. शेक्सपिअरच्या नाटकांत जागोजागी ‘मीथिंक्स’ हा शब्द येतो. ‘आय थिंक’ नाही, ‘मी थिंक्स’, आणि हा ‘मी’ इंग्रजीतला, म्हणजे आपला ‘मला’. त्याचा अर्थ नेमका ‘मला वाटतं’. आपण दिवसातून पन्नास वेळा जे म्हणतो तेच, त्याच विभक्तीत. पुढे नामांचे प्रत्यय गेले, क्रियापदाच्या आधी बसेल तो कर्ता हा रिवाज पक्का झाला, आणि आधी बसलेल्या ‘मला’चं हळूहळू ‘मी’ झालं. मराठीचे प्रत्यय शाबूत राहिले म्हणून आपला ‘मला’ जागेवर आहे. भाचीला ‘मीथिंक्स’ इतकं आवडलं की दोन दिवस घरात ती प्रत्येक वाक्य त्यानेच सुरू करत होती.

म्हणून मराठीची शिडी चढून झाली की एक कसोटी इंग्रजीच्या आतली द्यावी लागते. ती अशी : प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत द्या, पण नाव न घेता. उत्तरात ‘ही’ आलं तर प्रश्नात ‘हू’. उत्तरात ‘हिम’ आलं तर ‘हूम’. इथे तो समासातला गोल कामाला येतो : उत्तरात ‘म’ तर प्रश्नात ‘म’. कोणाला भूक लागली? ‘ही इज हंग्री’. म्हणून ‘हू’. तुला कोण आवडतं? ‘आय लाइक हिम’. म्हणून ‘हूम’. मुलीबद्दल बोलायचं असलं तरी कसोटीपुरतं ‘ही-हिम’च घ्यावं, कारण ‘शी-हर’मध्ये ‘म’ नाही आणि ‘हर’ आणखी एका कामाला लागतं, ‘तिचं’ म्हणायला. ज्या मुलाचं ‘ही’ आणि ‘हिम’ अजून पक्कं नाही, जो ‘आय सॉ ही’ म्हणतो, त्याला ‘हू-हूम’कडे नेऊच नये. आधी ते पक्कं करावं. पाचवी-सहावीच्या आधी या विषयाची घाई करणाऱ्या पालकांना माझी हीच विनंती आहे.

प्रश्नात ‘डिड’, ‘डू’, ‘डज’ आले की आणखी एक खूण मिळते. ‘हू कॉल्ड यू?’ यात ‘डिड’ नाही. ‘हूम डिड यू कॉल?’ यात आहे, आणि ‘डिड’च्या लगेच नंतर ‘यू’ बसलाय. क्रियापदाकडे करणाऱ्यासाठी एकच खुर्ची असते. ती ‘यू’ने घेतली, मग सुरुवातीचा शब्द करणारा असूच शकत नाही. मराठीत प्रश्नासाठी असं ‘डिड’ लागत नाही, म्हणून आपली मुलं ‘हूम यू कॉल्ड?’ असं म्हणतात. त्यावर ओरडू नये. ‘कोणाला तू बोलावलंस’ याचा तो अगदी प्रामाणिक अनुवाद आहे. ‘हूम’ बरोबर आलं याबद्दल शाबासकी द्यावी आणि मग ‘डिड’ घालून दाखवावं.

मोठ्या वाक्यांत शिरलं की मोठी माणसंसुद्धा चुकतात, आणि तिथे मराठी पुन्हा मदतीला येते.

‘तुला काय वाटतं, कोण जिंकेल?’ हे इंग्रजीत ‘हू डू यू थिंक विल विन?’ असं होतं. ‘डू यू’ दिसलं की खुर्चीचा नियम आठवून मुलं इथे ‘हूम’ लिहितात. पण ‘डू यू थिंक’ हे मध्येच घुसलेलं वाक्य आहे. मराठीत ते बाजूला स्वल्पविराम देऊन उभं राहतं आणि ‘कोण जिंकेल’ एकटं, स्वच्छ दिसतं. जिंकणारा कोण? म्हणून ‘हू’. इंग्रजीतही ते तुकडे बोटाने झाकून वाचायला सांगावं.

‘जो पहिला येईल त्याला बक्षीस दे.’ मराठीने इथे दोन सर्वनामं वापरली. आतल्या वाक्यासाठी ‘जो’, बाहेरच्यासाठी ‘त्याला’. इंग्रजी दोघांची जागा एकाच शब्दात भरते, आणि मग प्रश्न पडतो की तो शब्द ‘हूएव्हर’ की ‘हूमएव्हर’. आधी ‘टू’ आहे म्हणून अनेक जण ‘हूमएव्हर’ लिहितात, तेही चांगले शिकलेले. इंग्रजीचा कायदा असा की आतल्या वाक्याचं ऐकायचं. म्हणजे मराठीतलं ‘जो’ बघायचं, ‘त्याला’कडे दुर्लक्ष करायचं : ‘गिव्ह द प्राइझ टू हूएव्हर कम्स फर्स्ट’. उलट ‘ज्याला तू निवडशील त्याला दे’ म्हटलं की आत ‘ज्याला’ आहे, म्हणून ‘हूमएव्हर यू चूज’. जो आणि ज्याला. एवढा सोपा दिवा हातात असताना आपण मुलांना इंग्रजीतच चाचपडायला लावतो, याचं मला वाईट वाटतं.

महाविद्यालयातून किंवा कचेरीतून मिळणाऱ्या दाखल्यांवर ठळक अक्षरांत ‘टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न’ छापलेलं असतं. घरातला असा एखादा दाखला काढून मुलांना दाखवावा. ‘इट’ कर्ता आहे, ‘कन्सर्न’ क्रियापद, आणि त्याचा संबंध ज्याच्याशी येतो तो माणूस ‘हूम’. ‘इट कन्सर्न्स हिम’. उत्तरात ‘म’, वर ‘म’. रोज दिसणारी ओळ अशी उलगडली की व्याकरण फक्त पुस्तकात राहत नाही.

दोन वाक्यं जोडतानाही ‘ज्याने’ आणि ‘ज्याला’ हाच धागा धरावा. ज्या मुलाने काच फोडली तो : ‘द बॉय हू ब्रोक द ग्लास’. ज्या मुलाला बाईंनी बोलावलं तो : ‘द बॉय हूम द टीचर कॉल्ड’. ज्या मुलाला ताप आला तो? आता मुलं सावध झालेली असतात. ‘ही हॅड फीव्हर’, म्हणून ‘हू’.

एक गोष्ट पालकांसाठी. इंग्रजी सिनेमात किंवा मालिकेत मुलांना सर्रास ‘हू डिड यू सी?’ ऐकू येतं आणि ती विचारतात, मग हे चूक का? बोलण्यात ते चूक नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती माणसं बहुतेक वेळा असंच बोलतात. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९२१ मध्येच लिहून ठेवलं की आणखी दोनेकशे वर्षांत ‘हूम डिड यू सी?’ असं मोठमोठे विद्वानसुद्धा म्हणणार नाहीत. कारणही उघड आहे. प्रश्नातला हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला, कर्त्याच्या जागी येऊन बसतो, आणि जी भाषा जागेवरून कर्ता ओळखते तिला तिथे कर्माचं रूप टोचतं. त्यामुळे घरात मुलगा सहज इंग्रजी बोलत असताना ‘हू’च्या जागी ‘हूम’ म्हण म्हणून त्याला मध्ये तोडू नये. बोलणं थांबलं तर भाषाच थांबते. पेपर, अर्ज, औपचारिक पत्र यांत मात्र ‘हूम’ हवं. आणि ‘टू’, ‘विथ’, ‘फॉर’ असे शब्द थेट आधी आले की तिथे ‘हूम’ अजून घट्ट टिकून आहे. ‘विथ हू’ कानाला खटकतं. ‘विथ’ शेवटी गेलं तर ‘हू डिड यू गो विथ?’ असं सगळे म्हणतात. मराठीत ‘बरोबर’ला ‘कोणा’पासून असं तोडून वाक्याच्या टोकाला पाठवताच येत नाही, म्हणून आपल्या मुलांना हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. दोन्ही रूपं ओळखीची करून द्यावीत आणि लिहिताना पहिलं वापरायला सांगावं.

भाचीबरोबर हे सगळं करायला आठवडाभर लागला, रोज पंधरा-वीस मिनिटं. शेवटच्या दिवशी मी तिला वाक्यं घालत होते आणि ती भराभर इंग्रजी करत होती. कोणाशी बोललीस? कोणी सांगितलं? कोणाला झोप येतेय? मग ती म्हणाली, ‘‘आता मी तुला घालते. कोणाला कोण आवडतं?’’

मी मुद्दाम गप्प राहिले आणि वही तिच्याकडे सरकवली. तिने पेन्सिलीने आधी मराठी वाक्य लिहिलं. ‘कोणाला’खाली एक बाण काढला, ‘कोण’खाली एक बाण काढला. थोडा वेळ ओठ हलवत ‘ही लाइक्स हिम’ असं पुटपुटली. मग दोन्ही बाणांखाली, जराही न खोडता, लिहिलं : ‘हू लाइक्स हूम?’